नोकरी गेलीय, सर्व्हरचा अभ्यास करायचाय. लायसन्सचं काय करू?

मांजराकाठची, निलंगा

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहायलेय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

मी निलंगा तालुक्यातली, औराद शहाजानीच्या अलीकडं आमचं गाव. बीसीए करून पुण्याला गेले आणि एका कंपनीत तीन वर्षं चार महिने डेस्कटॉप सपोर्टला होते. पगार कंत्राटदाराकडून यायचा. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढं वाढलं नाही. आमच्यातले नऊ जण एकाच शुक्रवारी घरी बसले.

त्यानंतर दोन महिने पुण्यातच थांबून मुलाखती दिल्या. सगळीकडं गाडी एकाच जागी अडायची: "अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत काय काय केलंय?" म्हणजे कंपनीतली सगळी खाती आणि मशीन एका सर्व्हरवरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची व्यवस्था, आणि तिच्याखालच्या गटाला डोमेन म्हणतात. मी पासवर्ड बदलून दिलेत, लॉक झालेली खाती उघडलीत, मशीन डोमेनला जोडल्यात. पण डोमेन कधी उभं केलेलं नाही. ग्रुप पॉलिसी (डोमेनमधल्या सगळ्यांना एकदम लागणारे नियम) दुसऱ्यानं लिहिलेली बघितलीय, स्वतः लिहिलेली नाही. सर्व्हर रूमची चावीच आमच्या हातात कधी आली नाही. नाकारणाऱ्यांचा मला राग नाही, त्यांचं बरोबर होतं. मला हे काम येत नाही आणि मला ते शिकायचंय.

ऑगस्टमध्ये खोली सोडून गावी आले. शिल्लक ४१,००० रुपये. त्यातले महिन्याला ३,००० घरी देते. कुणी मागितले नाहीत, पण यंदा भावाच्या सोयाबीनचं पावसानं काय केलं ते डोळ्यानं बघितलंय. सकाळी गावातल्या सेवा केंद्रात बसून लोकांचे फॉर्म भरते, दिवसाला दीडशे-दोनशे सुटतात. दुपारी दोन ते सहा आणि रात्री जेवणं झाल्यावर अभ्यासाला वेळ आहे. लॅपटॉप जुना, १९,५०० ला घेतलेला: आय५ आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी, विंडोज ११ होम.

आता मुद्दा. विंडोज सर्व्हरच्या लायसन्सची किंमत बघितली तर स्टँडर्डच १६ कोअरला हजार डॉलरच्या वर. त्यावर युजरसाठीची कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायची परवानगी, वेगळी. एसक्यूएल सर्व्हरचा, म्हणजे त्यांच्या डेटाबेसचा, आकडा बघून पान बंद केलं. लातूरला एका इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी केली. एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट) कोर्सचे ५५,००० म्हणाले, सॉफ्टवेअर आमच्याकडं आहे, लॅब फक्त शनिवार-रविवार. म्हणजे फी, वर एसटीचं भाडं, आणि हातात आठवड्याला चार तास.

पुण्यातला मित्र म्हणतो, "अ‍ॅक्टिव्हेटर टाक आणि मोकळी हो, सगळे तसंच शिकलेत." म्हणजे लायसन्स न घेता सॉफ्टवेअर चालू करून देणारी चोरटी फाइल. मित्राचं खरं असेल. मला ते करायचं नाही. कारण सांगते.

मार्चमध्ये आमच्या ऑफिसात अकाउंट्सच्या एकानं घरच्या लॅपटॉपसाठी आणलेला अ‍ॅक्टिव्हेटर पेन ड्राइव्हवरून ऑफिसच्या मशीनवर उघडला. बघता बघता शेअर्ड फोल्डरमधल्या फायलींची नावं बदलत गेली. एकही उघडेना. मी आणि अजून दोघांनी तीन रात्री बसून ४२ मशीन पुसून परत उभ्या केल्या. जीएसटीची तारीख तोंडावर होती. अकाउंट्सच्या मॅडम माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून रडत होत्या, आणि त्यांना सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. उद्या कुणी अख्ख्या कंपनीचे पासवर्ड माझ्या हवाली करणार असेल, तर त्या कामाची तयारी मी असल्या फायलीनं करणार नाही.

तर विचारायचं एवढंच: नोकरी नसलेल्या माणसाला रीतसर, खोटं न बोलता सर्व्हर शिकता येतो का? विद्यार्थ्यांना सवलत मिळते असं वाचलं, पण मी आता विद्यार्थी नाही आणि कॉलेजचा ईमेल कधीच बंद झालाय.


गोदातीर, नांदेड

ताई, येतो. आणि लायसन्स विकत घ्यायची गरज नाही. मी बारा वर्षं हेच काम करतोय आणि माझ्या घरच्या लॅबमध्ये आजही विकत घेतलेला एकही सर्व्हर नाही.

मायक्रोसॉफ्टचं इव्हॅल्युएशन सेंटर म्हणून पान आहे. तिथून विंडोज सर्व्हरची पूर्ण आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, मिळते, १८० दिवस चालणारी. त्यातलं काही कापलेलं नसतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता शोधणारं), डीएचसीपी (मशीनना नेटवर्कचे पत्ते वाटणारं), ग्रुप पॉलिसी, सगळं आहे. विंडोज ११ एंटरप्राइझ तसंच ९० दिवस मिळतं. नाव, ईमेल, कंपनी असा फॉर्म येतो. कंपनीच्या रकान्यात मी "स्वतःचा अभ्यास" असं लिहितो, आजवर अडलं नाही. शिकण्यासाठी आणि तपासण्यासाठीच ही प्रत देतात, तिच्यावर धंद्याचं काम चालवायचं नाही एवढीच अट.

एसक्यूएल सर्व्हरचा आकडा बघून घाबरू नका. डेव्हलपर एडिशन फुकट आहे आणि त्यात महागड्या एंटरप्राइझची सगळी अंगं आहेत. तिथंही अट तीच.

एक गोष्ट बरेच जण विसरतात आणि मग फोन करतात. सर्व्हर टाकल्यावर पहिल्या दहा दिवसांत एकदा इंटरनेटला जोडून अ‍ॅक्टिव्हेट होऊ द्या. नाही तर तो आपोआप बंद पडायला लागतो. १८० दिवस संपल्यावरही तेच, दर तासाला बंद. मुदत वाढवायला रीआर्मचा आदेश असतो, पण माझं ऐकाल तर मुदत संपली की पुसा आणि नव्यानं उभा करा. पहिल्यांदा डोमेन उभं करायला तुम्हाला दोन दिवस लागतील. तिसऱ्यांदा पॉवरशेलमध्ये (आदेश टाइप करून विंडोज चालवायचं साधन) चार ओळींत चाळीस मिनिटांत होईल. मुलाखतीत तेच विचारतात.

तुमची खरी अडचण लायसन्स नाही, ८ जीबी रॅम आहे. लॅब म्हणजे लॅपटॉपच्या आतच सॉफ्टवेअरनं चालवलेली वेगळी मशीन, आणि ती रॅम खातात. त्यासाठीचं विंडोजचं हायपर-व्ही होममध्ये येत नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स घ्या, फुकट आहे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही २०२४ पासून फुकट झालंय, पण ८ जीबीत मी व्हर्च्युअलबॉक्सच म्हणेन. मशीन चालू केल्यावर खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर (मशीनच्या आत मशीन चालवणारा भाग) मध्ये आलाय असं समजा. विंडोज सिक्युरिटीत जाऊन मेमरी इंटिग्रिटी चालू आहे का बघा. त्या कासवानं माझे दोन आठवडे खाल्ले होते.

मांडणी अशी करा. डोमेन कंट्रोलर (डोमेनचा कारभार बघणारा मुख्य सर्व्हर) सर्व्हर कोअरवर, म्हणजे खिडक्या नसलेला, त्याला १ जीबी पुरतो. दुसरा सर्व्हर डेस्कटॉपसह, २ जीबी, त्याला डोमेनमध्ये सभासद करा आणि त्याच्यावरून पहिल्याचा कारभार बघा. विंडोज ११ ला ४ जीबी लागतात, ते आत्ता बसणार नाही, आणि नसलं तरी चालतं: ग्रुप पॉलिसी सभासद सर्व्हरलाही लागते. प्रत्यक्ष कामातही कंट्रोलरवर जाऊन कुणी माऊस फिरवत नाही, लांबूनच चालवतात.


मांजराकाठची, निलंगा

दादा, हे वाचून उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. चार महिने मी किमतीची पानंच बघत बसले होते.

दोन शंका. आमच्याकडं लाइटीचा भरवसा नाही, दुपारी कधीही जाते, आणि लॅपटॉपची बॅटरी पस्तीस मिनिटांची राहिलीय. कंट्रोलर चालू असताना लाइट गेली तर डोमेन खराब होतं का? आणि पाच जीबीच्या आसपासची आयएसओ दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये कशी उतरवू? दोनदा लावली, दोन्ही वेळा मध्येच तुटली.


गोदातीर, नांदेड

खराब होऊ शकतं. लाइट गेली की पहिलं काम म्हणजे दोन्ही मशीन रीतसर शटडाउन करा, पस्तीस मिनिटं त्याला भरपूर झाली. आठवड्यातून एकदा दोन्ही बंद असताना, दोन्हींचा एकत्रच स्नॅपशॉट (मशीनच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद) घ्या. एकाला जुन्या तारखेवर नेलं आणि दुसऱ्याला नाही, तर त्यांचा एकमेकांवरचा विश्वास तुटतो आणि सभासद मशीन डोमेनमध्ये घेतच नाही. तसं झालंच तर तेही दुरुस्त करायला शिका, नोकरीत दर महिन्याला लागतं.

डाउनलोडचं दुसरे सांगतील. माझ्याकडं तारेचं इंटरनेट आहे, मला त्यातलं दुखणं नाही.


दुरुस्तीवाला, गंगाखेड

ताईसाहेब, माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, २००९ पासून. तुमची मार्चची गोष्ट वाचून दुकानातलं काम बाजूला ठेवून लिहायलोय.

बरीच वर्षं मी गिऱ्हाइकाला क्रॅकवालं विंडोज टाकून दिलं. तीनशे रुपयांत विंडोज, ऑफिस, मराठी फॉन्ट, सगळं. गिऱ्हाईक खूष, मी खूष. पण अ‍ॅक्टिव्हेटर चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा असं तो स्वतःच सांगतो, आणि आपण करतो. घराचं दार आपल्या हातानं उघडून द्यायचं आणि आत कोण आलं ते बघायचं नाही. २०१९ मध्ये इथल्या एका फोटोवाल्याची सगळी लग्नसराई गेली. अकरा लग्नांचे फोटो. त्या मशीनवर विंडोज मीच टाकलेलं होतं. त्या क्रॅकमुळंच गेलं हे मी सिद्ध करू शकत नाही, नव्हतं असंही म्हणू शकत नाही. त्या घरांपैकी दोन घरी मी स्वतः त्याच्याबरोबर गेलो होतो. तेव्हापासून बंद केलं.

आता कामाचं. ऑनलाइन चारशे-पाचशे रुपयांत "ओरिजनल की" विकतात, ती घेऊ नका. कुठल्या तरी कंपनीच्या घाऊक लायसन्समधून किंवा भंगारातल्या मशीनवरून आलेली असते. आज चालते, उद्या बंद पडते, आणि पावती तुमच्या नावाची नसते. तुमच्या लॅपटॉपला तशीही गरज नाही. कंपनीनं विंडोज टाकून विकलेला असेल तर की बोर्डातच असते, नव्यानं विंडोज टाकलं की नेट लागताच आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. जुना घेताना विकणाऱ्यानं आत काय टाकलंय ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, पेन ड्राइव्ह बनवा आणि एकदा कोरं विंडोज टाकाच.

रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते मागचं झाकण उघडून बघा. आठव्या पिढीला बहुतेक डीडीआर४ लागतो. जुना ८ जीबीचा तुकडा लातूरला मिळेल, दुकानातच लावून चालवून बघा आणि मग पैसे द्या. ५५,००० चा कोर्स करण्यापेक्षा हा खर्च आधी.

आयएसओसाठी ब्राउझर वापरू नका, तुटलेलं डाउनलोड पुढं चालू ठेवणारा डाउनलोड मॅनेजर घ्या. नाही तर तालुक्याला एखाद्या अभ्यासिकेत वायफाय असतं, एका दिवसाचे पैसे भरून बसा. तुमची मार्चची गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत जाईन, तुमची हरकत नसेल तर.


टर्मिनलवाला, सेलू

विंडोजच का पण? रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन एका माणसाला फुकट आहे, १६ मशीनपर्यंत. अल्मा किंवा रॉकी लिनक्स घेतलं तर तेवढंही खातं काढायला नको. खिडक्या नसलेला लिनक्स १ जीबीत आरामात चालतो, तुमच्या लॅपटॉपवर तीन-चार मशीन बसतील. नेटवर्किंग शिकायचं असेल तर सिस्कोचं पॅकेट ट्रेसर नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीत खातं उघडलं की फुकट. फक्त सीसीएनएची, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंग सर्टिफिकेटची, परीक्षा ३०० डॉलर आणि वर कर, ती मला अजून परवडलेली नाही. अभ्यास मात्र पूर्ण झालाय.


मांजराकाठची, निलंगा

सेलूवाले दादा, लिनक्स शिकणार आहे, पण नंतर. तीन वर्षं मी विंडोज वापरणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून काम केलंय, त्यांना कुठं ठेच लागते ते मला माहीत आहे. आधी तेच काम वरच्या बाजूनं शिकते.

गंगाखेडवाले काका, गोष्ट जरूर सांगा. कंपनीचं नाव मी कुणालाच सांगितलेलं नाही, तेवढं असू द्या.


खामकाठ, संभाजीनगर

तुझ्या प्रश्नातला एक शब्द वाचून मला राहवलं नाही. त्या इन्स्टिट्यूटनं तुला एमसीएसईचे ५५,००० सांगितले? अगं, एमसीएसए आणि एमसीएसई मायक्रोसॉफ्टनं ३१ जानेवारी २०२१ ला बंद केल्या. ती परीक्षाच आता नाही. कोर्सच्या शेवटी तुझ्या हातात त्या इन्स्टिट्यूटचा स्वतःचा कागद आला असता. त्यांना जाऊन विचार, कुठल्या परीक्षेचा नंबर आहे म्हणून. मी असेच २८,००० घालवलेत, २०२२ साली, आणि ते पैसे आईनं बचत गटातून काढलेले होते. म्हणून तुला इतक्या घाईनं लिहितेय.

आता कामाच्या वाटणीप्रमाणं सर्टिफिकेट असतात. तुझ्यासारखीला एझेड-१०४ उपयोगाची, अ‍ॅझ्युर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची. अ‍ॅझ्युर म्हणजे मायक्रोसॉफ्टचे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणारे सर्व्हर. अभ्यासक्रम त्यांच्या मायक्रोसॉफ्ट लर्न साइटवर पूर्ण फुकट आहे, सराव परीक्षाही तिथंच आहे, फुकट, हवी तितक्या वेळा. पैसे फक्त खऱ्या परीक्षेचे. पास झाल्यावर सर्टिफिकेट वर्षभर चालतं आणि दरवर्षीचं नूतनीकरण घरबसल्या, फुकट. फी भरायच्या दिवशी चालू परीक्षांची यादी तिथंच बघ, नंबर बदलत राहतात.

अ‍ॅझ्युरचं फुकट खातं मात्र आज उघडू नकोस. पहिले २०० डॉलरचं क्रेडिट मिळतं पण ते ३० दिवसांतच वापरावं लागतं. मी उत्साहात खातं उघडलं आणि मग महिनाभर व्हिडिओ बघत बसले. क्रेडिट तसंच गेलं. आधी गोदातीर दादांच्या सांगण्याप्रमाणं घरचं डोमेन उभं कर, अ‍ॅझ्युरमध्ये काय काय करायचं ते वहीत लिहून काढ, आणि वही भरली की खातं उघड. क्रेडिट संपलं तरी तू स्वतः पे-अ‍ॅज-यू-गो (वापरशील तेवढं बिल) करत नाहीस तोवर कार्डावरून पैसे जात नाहीत. तरीपण दररोज उठताना मशीन बंद करायची सवय आत्ताच लाव. पुढं कंपनीच्या खात्यावर ही सवय नसेल तर बिल येतं.

परीक्षेच्या फीचं माझं असं झालं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा महिने एका कार्यालयात होते, पदवीधराला महिना १०,००० होते. काम डेटा एंट्रीचं होतं, पण तिथल्या २३ कॉम्प्युटरची यादी कुणाकडंच नव्हती ती मी केली. कुठलं विंडोज, किती रॅम, कुणाच्या टेबलावर. त्या पैशातून फी भरली, आणि ती यादी मुलाखतीत दाखवली. आता शेंद्र्याकडं एका कारखान्यात सिस्टिम बघते. तू सेवा केंद्रात बसतेस ना? तिथं किती मशीन आहेत, त्यांचा बॅकअप कोण घेतं?


मांजराकाठची, निलंगा

तीन आठवड्यांनी लिहायलेय.

सेवा केंद्रात तीन मशीन आहेत आणि बॅकअप कुणीच घेत नव्हतं. आता शनिवारी मी घेते. केंद्रवाल्या काकांनी विचारलं, याचे किती द्यायचे. मी म्हटलं, आधी एकदा परत भरून दाखवते, मग बोलू.

लातूरला गेले होते. इन्स्टिट्यूटमध्ये परीक्षेचा नंबर विचारला. समोरच्या मुलीनं आतल्या सरांना विचारलं, सर बाहेर आले नाहीत. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. तिथून निघून रॅम घेतला, २,२०० ला, दुकानातच लावून बघितला. झाकण मी स्वतः उघडलं. अभ्यासिकेत ५० रुपये भरून दिवसभर बसले आणि दोन्ही आयएसओ उतरवल्या. आजूबाजूला सगळी नीटवाली पोरं, एकही शब्द न बोलता मान खाली घालून. त्यांच्यात बसून मला बरं वाटलं.

कासव दिसलं होतं. गेलं.

डोमेनचं नाव मांजरा ठेवलं. पहिल्यांदा डीएनएस चुकीच्या पत्त्यावर होता म्हणून सभासद मशीन जोडेना, त्यात पूर्ण रविवार गेला. पुढच्या बुधवारी दुपारी चारला लाइट गेली. दोन्ही नीट बंद केल्या, संध्याकाळी आल्या तशा परत आल्या. युजर ४२ बनवले, सीएसव्ही नावाच्या यादीच्या फायलीतून, एका आदेशात. आकडा मुद्दामच घेतला.

मग पॉलिसी लिहिली, माझी पहिली. साध्या युजरला डाउनलोड फोल्डरमधून किंवा पेन ड्राइव्हवरून कुठलाही प्रोग्राम चालवता येणार नाही अशी, अ‍ॅपलॉकरमधून. दोन दिवस लागतच नव्हती. अहवालात पॉलिसी पोचलेली दिसायची, तरी फाइल बिनधास्त उघडायची. शेवटी कळलं की अ‍ॅप्लिकेशन आयडेंटिटी नावाची सर्व्हिस बंद आहे, ती चालू असल्याशिवाय अ‍ॅपलॉकर काही अडवत नाही. ती पॉलिसीतूनच चालू केली, मशीन परत सुरू केलं, अकाउंट्सच्या नावानं केलेल्या युजरनं लॉगिन केलं आणि पेन ड्राइव्हवरची एक सेटअप फाइल उघडली. अ‍ॅडमिननं हा प्रोग्राम अडवलाय, असा संदेश आला. रात्रीचे पावणेबारा झाले होते. वहिनी पाणी प्यायला उठल्या होत्या, त्यांना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, म्हणजे बिघडलं का? मी म्हटलं, नाही वहिनी, आता नीट झालं.

गोदातीर दादा, आता डीएचसीपीला बसलेय. स्कोप, म्हणजे वाटायच्या पत्त्यांची रेंज, दिलाय, सर्व्हिस चालू आहे, पण सभासद मशीनला पत्ता माझ्या सर्व्हरकडून येत नाही, १६९.२५४ नं सुरू होणारा, मशीननं स्वतःच घेतलेला येतो. सर्व्हर डोमेनमध्ये ऑथराइझ करायचा, म्हणजे त्याला पत्ते वाटायची परवानगी द्यायची, राहिली असेल का, की व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्कमध्ये चुकतंय? आधी कुठं बघू?


गोदातीर, नांदेड

आधी ऑथराइझ झालाय का ते बघा, पहिल्यांदा सगळ्यांचं तेच राहतं. तिथं बरोबर असेल तर दोन्ही मशीन एकाच इंटर्नल नेटवर्कवर आहेत का बघा, नावात एका अक्षराचा फरक असला तरी ती दोन वेगळी नेटवर्क होतात. आणि ती अ‍ॅपलॉकरची पॉलिसी लिहिल्याप्रमाणं वहीत उतरवून ठेवा, तारखेसह. आमच्याकडं जानेवारीत एक जागा निघायची शक्यता आहे. पक्कं काही सांगत नाही, पण निघाली तर ती वही घेऊन या.